स्कोअर आधी विचारायचा नाही

बंगळुरात मी चार वर्षं ज्यांच्या घरात भाड्यानं राहिलो, त्या अण्णांइतका आडमुठा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आणि मी पुण्याचा आहे. आडमुठेपणातलं मला थोडंफार कळतं. पण आमच्याकडचे आडमुठे निदान स्वतःच्या फायद्यासाठी तसे वागतात. अण्णांचा सगळा आडमुठेपणा फुटबॉलसाठी होता, आणि तोही असल्या फुटबॉलसाठी, जो बघायला खेळाडूंच्या बायकासुद्धा येत नसत.

जे. पी. नगरात त्यांचं दुमजली घर होतं. खाली अण्णा आणि त्यांची बायको, जिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. वर दोन भाग. एकात मी, दुसऱ्यात नागपूरचं एक नवराबायकोचं जोडपं. अण्णा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिले आणि नियमाप्रमाणे मध्ये एक शब्द बोलले नाहीत. ते सगळे तुंबलेले शब्द निवृत्तीनंतर आम्हा भाडेकरूंच्या वाट्याला आले.

त्यांचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडं आलं आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठी बोलत, पण त्या मराठीत कानडी इतकं शिरलेलं की पहिले दोन महिने मी नुसती मान हलवत होतो. माझं बोलणं ऐकून अण्णा म्हणाले होते, "तुमचं मराठी शुद्ध आहे हो. पण स्वल्प कागदाचा वास येतो." मला पुणेकर म्हणायला त्यांनी त्याच दिवशी सुरुवात केली. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला अजून शंका आहे.

खोली बघायला गेलो तेव्हा माझ्याआधी दोन संगणकवाले इंजिनियर येऊन बसले होते, टाय वगैरे लावून. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. अशा भाडेकरूंसाठी गल्लीतले बाकीचे घरमालक नुसते टपून बसलेले असायचे. अण्णांनी मला विचारलं, "काम कुठं?" मी म्हणालो, बोम्मसंद्र्याला, पाण्याच्या पंपांचा कारखाना आहे, तिथं पर्सोनेलमध्ये. अण्णा ताडकन उभे राहिले.

"अय्यो! ती टीम तुमची की हो!"

"कुठली टीम?" आमच्या कारखान्याला फुटबॉलची टीम आहे हे मला खरोखरच माहीत नव्हतं.

"किती सुंदर हरतात हो तुमची माणसं," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी शपथेवर सांगतो. संगणकवाल्यांना त्यांनी कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. किल्ली माझ्या हातात आली. स्वतःच्या लायकीवर न मिळालेली अशी ती माझ्या आयुष्यातली पहिलीच गोष्ट.

त्या काळी शहरातल्या पुष्कळ कारखान्यांच्या नि कंपन्यांच्या टीमा होत्या. खेळाडू पगारी. सकाळी तीन-चार तास कारखान्यात हजेरी लावायची, मग मैदानावर, पोट फुटबॉलवर. वरच्या दोन-तीन टीमांच्या मॅचला गर्दी व्हायची, पेपरात फोटो यायचे. त्या मॅचकडं अण्णा ढुंकून बघत नसत. ते जायचे ते तळाच्या टीमांच्या मॅचना. नववी विरुद्ध अकरावी, दहावी विरुद्ध बारावी. साडेतीनची मॅच, टळटळीत उन्हात, सिमेंटच्या पायऱ्यांवर. दहा प्रेक्षक असले तर त्यांतला एक शेंगावाला असायचा आणि एक झोपलेला.

"पहिल्या नंबरच्या टीमची मॅच म्हणजे लग्नाची व्हिडिओ कॅसेट," असं ते म्हणायचे. "काय होणार सगळ्यांना ठाऊक. नवरा पळून जातो काय? नाही. मग बघायचं काय?"

त्यांचा मैदानावर जायचा पोशाख ठरलेला. हाफ स्वेटर, गळ्यात मफलर, हातात छत्री, खांद्याला पिशवी, पिशवीत कॉफीचा थर्मास आणि अक्कानं तळलेल्या कोडबळ्यांचा डबा. पायरीवर बसण्याआधी चपला काढायचे. देवळात काढतात तशा. बसायचे ते नेहमी जी टीम हरत असेल तिच्या गोलामागं, आणि डाव उलटला की छत्री, थर्मास, डबा, चपला असा सगळा संसार घेऊन चालत दुसऱ्या गोलामागं. का, तर गोल तिकडंच होणार की हो! टाळ्या वाजवायचे नाहीत. ओरडायचे नाहीत. पुढचं मागचं काही न बोलता दीड तास बघायचे आणि सगळं डोक्यात भरून घरी आणायचे. आणि इथूनच आमच्या हालांना सुरुवात व्हायची.

घराला जमिनीखाली एक टाकी आणि गच्चीवर एक. खालचं पाणी वर चढवायची मोटर अण्णांच्या ओसरीत, बटण त्यांच्या हाताशी. संध्याकाळी सहाला मोटर लावायची असा रिवाज. पण मॅच असेल त्या दिवशी अण्णा सहा-सव्वासहाला घरी येत, जिन्याच्या पायथ्याशी उभे राहत आणि हाक मारत, "ओ पुणेकर! नागपूरकर! बन्नी, या, बन्नी!" आम्ही जिन्यावर येऊन बसायचं. मग ते अख्खी मॅच सांगायचे. पहिल्या शिट्टीपासून. आणि ती संपल्याशिवाय मोटर लागायची नाही. मी बोम्मसंद्र्याहून कारखान्याच्या बसमधून होसूर रोडची सगळी धूळ अंगावर घेऊन यायचो, नळ सोडला की नुसती हवा फुसफुसायची, आणि खाली अण्णा सांगत असायचे की डावीकडच्या खेळाडूनं बूट बांधायला किती वेळ घेतला.

यात एक कायदा होता. स्कोअर आधी विचारायचा नाही. नागपूरकर नवीन होते तेव्हा एकदा दाढीचा साबण तोंडाला तसाच, ब्रश हातात, असे जिन्यात आले आणि म्हणाले, "अण्णा, ते सगळं ठीक आहे, पण जिंकलं कोण ते सांगून टाका ना." अण्णा थांबले. तीन दशकांचा टेलिफोनवाला संयम गोळा करून त्यांच्याकडं बघत राहिले. "स्कोअर त्यांच्यासाठी, जे मॅचला नसतात," ते म्हणाले. "तुम्हाला मी नेतोय की तिथं." आणि मॅच पुन्हा पहिल्या शिट्टीपासून सुरू केली. नागपूरकरांच्या गालावर साबण वाळून पांढरा झाला. त्यानंतर त्या घरात कुणी स्कोअर विचारला नाही.

अण्णांचं प्रेम जडायचं ते अशा तळाच्या टीमांवर, पण ते प्रेम टिकायला टीमनं हरत राहणं भाग होतं. एका बँकेची टीम त्यांची फार लाडकी. दोन वर्षं तिनं अण्णांना भरभरून दिलं. तिसऱ्या वर्षी कुठून तरी चांगला कोच आला आणि टीम ओळीनं तीन मॅच जिंकली. अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. अक्का मला जिन्यात गाठून हळूच म्हणाली, "बँकेचं पोर बिघडलं म्हणून बसलेत हो. भाचा दारूला लागला तेव्हा एवढं नव्हतं लागलं मनाला."

वर्ल्ड कपच्या वेळी आम्ही सगळे त्यांच्या रंगीत टीव्हीच्या आशेवर होतो. अण्णांनी फायनलच्या दिवशी टीव्हीवर क्रोशाचं कापड टाकलं आणि झोपायला गेले. तिसऱ्या नंबरसाठी जी मॅच होते, दोन हरलेल्या टीमांची, तिला मात्र आम्हाला मुद्दाम उठवून खाली बोलावलं होतं. "या लोकांना आता काही मिळायचं नाही, तरी खेळतात," असं ते दर पाच मिनिटांनी म्हणत होते. मला तेव्हा वाटलं, आणि मी नागपूरकरांना बोलूनही दाखवलं, की ज्याला स्वतःला आयुष्यात कधी पुढं जाता आलं नाही त्याला मागं राहिलेल्यांची सोबत बरी वाटते. नागपूरकर हसले. मी अशी वाक्यं तेव्हा बरीच बोलायचो.

मग शहरात भारत-पाकिस्तानचा क्रिकेटचा सामना आला. दुपारपासून रस्ते ओस. अक्कानं आम्हाला बोलावून टीव्ही लावून दिला, कारण अण्णा त्याच दुपारी अकराव्या आणि बाराव्या टीमची मॅच बघायला गेले होते. तासाभरात ते परत आले. मॅच झालीच नव्हती. रेफरीच क्रिकेट बघायला गेला होता. अण्णा ओसरीत उभे राहिले, आमच्याकडं बघितलं, टीव्हीकडं बघितलं आणि टीव्हीच्या बरोबर समोर येऊन त्यांनी तीन वर्षांपूर्वीची एक मॅच सांगायला सुरुवात केली. मागं सगळा देश श्वास रोखून बसलेला, पुढं अण्णांचा हाफ स्वेटर. विकेट पडली ती आम्हाला शेजारच्या घरातल्या आरडाओरड्यावरून कळली. एवढा सूड मी कुठल्या घरमालकाला भाडेकरूवर उगवताना पाहिलेला नाही.

असं हे प्रकरण मी पुण्याच्या पत्रांतून, कारखान्याच्या कँटीनमध्ये, सगळीकडं रंगवून सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. तेच माझ्या अंगाशी आलं.

कारखान्यात काटकसरीचे दिवस आले होते. नवे साहेब, नवी भाषा. आयुधपूजेची मिठाई बंद, म्हाताऱ्या माळ्याची जागा बंद, अशी एक यादी तयार होत होती आणि तिच्यात फुटबॉलची टीम होती. आमच्या मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "तुझा तो घरमालक फुटबॉलवेडा ना? मग शनिवारी शेवटची मॅच आहे ती बघून ये. आपली टीम आणि तळातली दुसरी. जी हरेल ती खालच्या डिव्हिजनला जाईल. वरच्यांना टीम बंदच करायची आहे. पण ठेवण्यासारखं काही दिसलं तर मला सांग, मी बोलून बघतो. एक वर्ष तरी मिळवता येईल. नसेल तर सोमवारी पत्र तूच तयार कर."

बंद करायची म्हणजे काय, हे पर्सोनेलमध्ये असल्यामुळं मला नेमकं ठाऊक होतं. पंधरा खेळाडू. कायम असलेले नऊ भट्टीखात्यात जाणार, तीन पाळ्यांत. सहा जण सहा-सहा वर्षं टेंपररीच होते, ते घरी. त्या सहांत गोलकीपर दास होता. उंच, सावळा, ऑस्टिन टाउनकडचा. बायको, दोन मुली. दर महिन्याला माझ्या टेबलापाशी येऊन अदबीनं विचारायचा, "सार, मेरा कन्फर्मेशन कुछ हुआ?" आणि मी फाइल न उघडताच नाही म्हणायचो.

अण्णांना हे सगळं दासनंच सांगून टाकलं होतं. मैदानावर एकुलता एक बांधलेला प्रेक्षक, त्याला नाही तर कुणाला सांगणार? शनिवारी बसमध्ये अण्णा थर्मास मांडीवर घेऊन माझ्याशेजारी बसले होते. चेहरा लग्नघरातल्या यजमानासारखा. मी म्हणालो, "अण्णा, माझ्या हातात फारसं काही नाही."

"तुम्ही फक्त बघा," ते म्हणाले. "एकदा बघितल्यावर कोण बंद करतं हो?"

एवढ्या वयाचा माणूस असं काही मनापासून बोलू शकतो याची मला कीव आली. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

आता मॅच. तुम्हाला स्कोअर हवा असेल तर थांबावं लागेल.

मैदानावर आम्ही धरून अकरा प्रेक्षक. पहिल्या अर्ध्या तासात आमच्या टीमवर तीन गोल झाले. तिसरा तर इतका बावळट, की शेंगावाल्यानंही मान फिरवली. अर्थातच आम्ही दासच्या गोलामागं बसलो होतो. त्याचं डाव्या हाताचं बोट सुजलं होतं, ते त्यानं बुटाच्या नाडीनं शेजारच्या बोटाला बांधलं. मी मनात पत्राचा मजकूर जुळवत होतो.

दुसऱ्या हाफला आमच्या पॅकिंगखात्यातला एक टकला, छत्तिशीतला गडी डाव्या बाजूनं पळत सुटला. का पळाला ते त्याचं त्याला ठाऊक. कुणी अडवलंच नाही, कारण तो पळेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. त्यानं मारलेला चेंडू खांबाला लागून आत गेला. चार मिनिटांत दुसरा. मग एक लांबलचक धक्काबुक्की, चेंडू कुठं आहे कुणाला दिसेना, आणि रेफरी मध्याकडं हात दाखवत पळाला. तीन-तीन. अण्णांनी कोडबळ्यांचा डबा बंद करून पिशवीत ठेवला. मी उभा होतो. कधी उठलो ते आठवत नाही.

मग आम्ही पुढं गेलो. होय, आम्ही. टकल्यानंच मारला. त्यानंतर तो खाली बसला आणि त्याला ओकारी झाली. मी पायरीवर चढून ओरडत होतो, पुण्याच्या शिव्या देत होतो, शेंगावाला कानडीत देत होता, झोपलेला माणूस जागा होऊन तमिळमध्ये देत होता. समोरच्यांनी बरोबरी केली तेव्हा मी अण्णांचा दंड इतका जोरात धरला की दुसऱ्या दिवशी तिथं काळंनिळं झालं होतं. शेवटच्या मिनिटाला त्यांना पेनल्टी. दास गोलात उभा राहिला, बांधलेल्या बोटांचा हात पुढं करून. आणि त्यानं ती अडवली. त्याच हातानं. चेंडू वरून बाहेर गेला. मी अण्णांना मिठी मारली. त्यांच्या स्वेटरला नॅप्थलीनचा वास येत होता.

अजून एक कॉर्नर बाकी होता. तो आला, आमच्याच बॅकच्या गुडघ्याला लागला, आणि हळूहळू, कुणाला काही घाई नसल्यासारखा, रेषेच्या आत गेला. शिट्टी झाली.

अण्णांनी चपला घातल्या. दास धुळीनं माखलेला, कुंपणापाशी आला. अण्णांच्या हातात त्यानं हात दिला, मग मला ओळखलं आणि एकदम सावरून उभा राहिला. "सार, आपने देखा? पूरा देखा?"

"पूरा देखा," मी म्हणालो. माझा आवाज बसला होता.

त्या संध्याकाळी जिन्याच्या पायथ्याशी अण्णांनी पहिला हाफ सांगितला आणि थांबले. "दुसरा पुणेकर सांगतील," ते म्हणाले. मी सांगितला. टकल्याचं पळणं पळून दाखवलं, दासचा हात दाखवला. नागपूरकरांची बायको बादली हातात धरून तशीच उभी राहिली, स्कोअर काही तिनं विचारला नाही. मोटर आठला लागली आणि कुणाचीही तक्रार नव्हती. इतका आनंद मला त्या शहरात त्याआधी झाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर नंतरही नाही.

सोमवारी मॅनेजरच्या केबिनमध्ये मुंबईहून आलेले एक सल्लागार बसले होते. पांढराशुभ्र शर्ट, पुढ्यात तक्ते. मॅनेजर म्हणाले, "काय रे, मॅचचं काय झालं?"

मी तोंड उघडलं. टकल्यापासून सुरुवात करायची असं ठरवून आलो होतो. सल्लागारांनी पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडं बघितलं, आणि त्या नजरेत मी स्वतःला पाहिलं: पायरीवर चढून, बसक्या आवाजात, एका म्हाताऱ्याला मिठी मारणारा पर्सोनेलचा ज्युनियर ऑफिसर. हे लोक कँटीनमध्ये कसे हसतील ते मला नीट ठाऊक होतं. त्यांना हसायला मीच शिकवलं होतं.

"हरलो सर," मी म्हणालो. "पाच-चार."

"आणि एकूण?"

"बारा मॅच. दहा हार, दोन ड्रॉ."

मॅनेजर थोडे थांबले. मुद्दाम थांबले, हे मला तेव्हाही कळलं होतं. "ठेवण्यासारखं काही?"

"नाही सर."

सल्लागारांनी यादीवर खूण केली. पत्र मी दुपारपर्यंत तयार केलं. इंग्रजी चांगलं उतरलं होतं. खाली तक्ता, बारा ओळींचा, प्रत्येक मॅचपुढं स्कोअर. सही मॅनेजरच्या वतीनं माझीच, आणि एकेक प्रत पंधराही खेळाडूंना.

दासला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पत्र घेऊन तो कुणाकडं जाणार हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही, किंवा येऊ दिलं नाही. बुधवारी संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा दास फाटकातून बाहेर पडत होता. मला बघून त्यानं सवयीनं सलाम केला. थोड्या वेळानं जिन्यावर चपलांचा आवाज आला. चार वर्षांत अण्णा वर आले ते त्या दिवशी एकदाच.

त्यांच्या हातात पत्राची प्रत होती. "हे तुम्ही लिहिलंत?"

"आकडे बरोबर आहेत, अण्णा," मी म्हणालो.

त्यांनी तक्त्यावरून बोट खाली नेलं, शेवटच्या ओळीपर्यंत. "आकडे बरोबर आहेत," ते म्हणाले. "पण तुम्ही तिथं होता की हो."

मी काहीतरी बोललो. वरून ठरलेलं होतं, मी लहान माणूस आहे, असलं काहीतरी. ते ऐकायला ते थांबले नव्हते. मी नीच वागलो होतो, एवढं मला कळत होतं. त्याच्यासाठी माफी मागावी, इतकं मात्र माझ्याच्यानं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला मोटर लागली. तिसऱ्या दिवशीही. पुढच्या मोसमात अण्णा पुन्हा मैदानावर जाऊ लागले. स्वेटर, छत्री, थर्मास, सगळं पूर्वीसारखं. सहाला परत येत, सरळ ओसरीत जाऊन बटण दाबत. हाक नाही. बन्नी नाही. नळाला भरभरून पाणी. नागपूरकरांना वाटलं मी पर्सोनेलवाला, मीच घरमालकाला सरळ केलं असणार. त्यांनी मला संत्र्याच्या बर्फीचा डबा आणून दिला. मी तो घेतला आणि खाल्लासुद्धा.

दास त्यानंतर कुठं गेला मी चौकशी केली नाही. कुणीतरी म्हणालं एका मंगल कार्यालयात दरवाज्यावर उभा असतो. टकला भट्टीखात्यात होता, रात्रपाळीला. मला बघितलं की मान खाली घालायचा. खरं तर ती मी घालायला हवी होती. मला बढती मिळाली. पाठोपाठ पुण्याच्या ऑफिसात बदलीही मिळाली.

खोली सोडली तेव्हा पहिल्या दिवसाइतकंच सामान होतं. किल्ली द्यायला खाली आलो. अक्कानं वाटेत खायला कोडबळी बांधून दिली आणि आत निघून गेली. अण्णा ओसरीत उभे होते, बटणाशेजारी. मी जिन्याच्या पायथ्याशी, त्यांच्या नेहमीच्या जागी. काय सुचलं कोण जाणे. म्हणालो, "अण्णा, ती मॅच. दुसऱ्या हाफला शिट्टी झाली, तेव्हा ऊन आपल्या डोळ्यांवर होतं. तो टकला डावीकडं उभा होता, हात कमरेवर, आणि..."

अण्णांनी हात वर केला. चेहऱ्यावर राग नव्हता. परक्या माणसाशी बोलताना असते तशी सभ्यता होती फक्त.

"स्कोअर सांगा, तेवढा साकु, पुरे," ते म्हणाले. "मोटर लावायची आहे."

ते वाट बघत होते.

"पाच-चार," मी म्हणालो.

"सरी, ठीक," म्हणाले, आणि बटण दाबलं. सहा वाजले होते.